स्टीलच्या डब्यात अन्न गोठवताना: झाकण, उंची आणि आधीचे दोन तास

फ्रीझरमधून काढलेला डबा ओट्यावर ठेवला आणि तो डुगडुगला. उचलून खाली पाहिलं तर तळाला पालथ्या बशीसारखा फुगवटा आलेला. झाकणाची एक क्लिप सुटली होती आणि काठावर गोठलेल्या सुपाची नारिंगी पट्टी होती. आदल्या रात्री मी तो डबा काठोकाठ भरला होता, झाकण दाबून बसवलं होतं आणि दमले होते म्हणून थेट आत सरकवला होता. डबा चांगला जाड होता. तो अजूनही घरात आहे. त्यात बटणं आणि सुईदोरा असतो, आणि शिवायला बसलं की तो अजूनही डुगडुगतो.

तेव्हा मी सगळा दोष धातूला दिला होता. धातूचं भांडं फ्रीझरमध्ये चालत नाही असं कुठंतरी ऐकलेलं होतंच. पण ते खरं नाही. उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रवरूप नायट्रोजन साठवण्याच्या टाक्या स्टेनलेस स्टीलच्याच असतात. घरच्या फ्रीझरचे उणे १८ अंश त्याच्या खिजगणतीतही नसतात. थंडीने स्टील तडकत नाही, अन्नात काही सोडत नाही, वास धरत नाही. धातूच्या डब्यात अन्न बिघडतं किंवा डबा वाया जातो तो इतर कारणांनी: अन्न किती खोल भरलं, झाकण कधी आणि कसं लावलं, आणि डबा फ्रीझरमध्ये जाण्याआधी दोन-चार तास ते अन्न कुठं होतं. म्हणून खाली धातूबद्दल थोडं आणि या तीन गोष्टींबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी फ्रीझर तपासा

गोठवलेलं अन्न महिनोन्महिने टिकायचं तर आतलं तापमान उणे १८ अंश किंवा त्याखाली हवं. फ्रिजच्या गोल बटणावरचे १ ते ५ हे आकडे तापमानाचे नसतात. ते फक्त कमी-जास्त दाखवतात. एक साधा फ्रीझर-थर्मामीटर रात्रभर आत ठेवून सकाळी वाचला की खरं काय ते कळतं.

बऱ्याच फ्रिजवर चांदण्यांची खूण असते. एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चार चांदण्या असतील तर तो कप्पा उणे १८ पर्यंत जातोच, शिवाय ताजं अन्न गोठवण्याइतकी ताकदही त्याच्यात असते. एका दाराच्या छोट्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बहुधा यात खाली बसतो. तिथे बर्फ होतो म्हणून तिथे सूप तीन महिने टिकेल असं समजू नये. अशा कप्प्यात ठेवलेलं अन्न आठवड्याभरात संपवावं.

कुठल्या धातूचा डबा

स्टेनलेस स्टील, इकडे फारसा विचार नको. डब्याच्या तळाशी ३०४ किंवा १८/८ असं लिहिलेलं असेल तर त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. रोजच्या अन्नासाठी हे उत्तम. ३१६ मध्ये थोडं मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला जास्त तोंड देतं. खारवलेलं, आंबट असं वरचेवर ठेवणार असाल तरच त्याचा उपयोग. २०१ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. फ्रीझरमध्ये त्याला काही होत नाही, पण मिठाने त्यावर डाग आणि बारीक खड्डे लवकर पडतात.

चुंबक लावून पाहण्याची युक्ती अर्धीच खरी आहे. चुंबक घट्ट चिकटलं तर त्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नाही हे नक्की. पण चिकटलं नाही म्हणजे ३०४ असं मात्र नाही, कारण २०१ लाही चुंबक चिकटत नाही. उलट ३०४ चा डबा जिथे ठोकून वळवलेला असतो तिथे, कोपऱ्यांवर, तो चुंबक किंचित ओढतो. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

ॲल्युमिनियमलाही थंडी सोसते. त्याची अडचण आंबट आणि खारट पदार्थांशी आहे. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यांनी त्याच्यावरचा संरक्षक थर जातो आणि अन्नाला धातूची चव येते. पूर्ण गोठल्यावर हे जवळपास थांबतं, पण निवताना आणि वितळताना भरपूर वेळ मिळतो. उकडलेल्या भाज्या, पाव, केक, साधा भात यांना ॲल्युमिनियमचे पातळ ट्रे चालतात.

इथे एक गंमत सांगते, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. स्टीलच्या डब्यात टोमॅटोचा रस्सा होता आणि झाकण सापडेना म्हणून वरून ॲल्युमिनियमची फॉइल ताणून लावली. फॉइल मध्ये खाली झुकून रश्शाला टेकली. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढली तर जिथे टेकली होती तिथे टाचणीने टोचल्यासारखी भोकं, आणि रश्शावर करडे ठिपके. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट-आंबट पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार झाली होती. तीत ॲल्युमिनियम झिजतं. तेव्हा स्टीलच्या डब्यावर फॉइल लावायचीच असेल तर खाली बटर पेपर हवा.

तांब्या-पितळेची भांडी या कामाची नव्हेत, कल्हई असली तरी. आंबट पदार्थात तांबं उतरतं, आणि कल्हई कुठे घासली गेली आहे ते आपल्याला नेमकं ठाऊक नसतं. इनॅमलचा थर आपटल्यावर टवके उडून अन्नात पडतो. बिडाचं भांडं गंजतं. डबाबंद अन्नाचा पत्र्याचा डबा उघडल्यावर उरलेलं अन्न तसंच त्यात गोठवू नका, दुसऱ्या भांड्यात काढा. न उघडलेला डबाही फ्रीझरमध्ये नको. आतलं पाणी फुगून त्याचा सांधा उसवतो. ते डोळ्यांना दिसलं नाही तरी हवा आणि जंतू आत शिरायला तेवढी फट पुरते.

आणि दुहेरी भिंतीचे, अन्न गरम ठेवणारे डबे आणि बाटल्या फ्रीझरमध्ये अजिबात नकोत. उष्णता अडवणं हेच त्यांचं काम. त्यामुळे आतलं अन्न तासन्‌तास कोमट राहतं. पुढे ते गोठून फुगलं की आतली पातळ भिंत वाकते आणि दोन भिंतींमधली पोकळी बिघडते. तो डबा मग कायमचा निकामी होतो.

आकार पाहताना मी तीन गोष्टी बघते. डबा उथळ हवा. तोंड तळापेक्षा किंचित रुंद हवं, म्हणजे बर्फ फुगताना वर सरकू शकतो आणि नंतर सुटूनही येतो. आणि गोलापेक्षा चौकोनी बरा, कारण फ्रीझरमध्ये गोल डब्यांच्या मध्ये नुसती हवा राहते.

शिजल्यापासून फ्रीझरपर्यंत

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या दिसतही नाहीत.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत. ते थांबतात. अन्न आत जाताना जेवढे जंतू असतील जवळपास तेवढेच महिन्याने बाहेर येतात आणि ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतात. ५ ते ६० अंश या पट्ट्यात त्यांची वाढ होते. मधल्या सोयीच्या तापमानाला काही जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. शिजवलेला भात याचं नेहमीचं उदाहरण. तांदळातल्या एका जातीच्या जंतूंचे बीजाणू उकळूनही टिकतात, भात कोमट असताना जागे होतात आणि जे विष सोडतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तेव्हा गोठवायचं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहता कामा नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

व्यावसायिक स्वयंपाकघरांत नियम असा असतो: गरम अन्न दोन तासांच्या आत २१ अंशांपर्यंत यावं आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत. घरी हे सहज जमतं, पण पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं तर जमत नाही. चार लिटर सुपाच्या पातेल्यात तासाभराने बोट बुडवून पाहा. (खरं बोट नको, थर्मामीटर.) कडेला कोमट असेल आणि मध्यभागी अजून चटका बसेल.

मी असं करते. सिंकला बूच लावून त्यात थंड पाणी आणि असेल तेवढा बर्फ घालते. पातेलं त्यात असं ठेवते की बाहेरचं पाणी आतल्या सुपाच्या पातळीला यावं. मग पळीने तळापासून वर ढवळत राहते. नुसतं ठेवून चालत नाही, कारण कडेचं गार झालेलं सूप कडेलाच बसून राहतं. बाहेरचं पाणी कोमट लागलं की बदलते. वीस-पंचवीस मिनिटांत पातेल्याच्या बाहेर हात लावला तर ऊब जाणवत नाही. मग सूप उथळ डब्यांत, ५ सेंटिमीटरपेक्षा कमी खोल, ओतायचं आणि झाकण तिरपं ठेवून तासभर फ्रिजच्या खालच्या भागात. त्यानंतर फ्रीझर.

धातूचा खरा फायदा इथेच मिळतो. स्टील उष्णता प्लॅस्टिकपेक्षा कित्येक पटींनी जास्त वाहून नेतं, ॲल्युमिनियम तर स्टीलच्याही दसपट. थंड पाण्यात ठेवलेल्या स्टीलच्या डब्यातली उष्णता झपाझप बाहेर जाते. त्याच आकाराच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भिंतच तिला धरून ठेवते.

गरम डबा थेट फ्रीझरमध्ये का नको? तो डबा खराब होईल म्हणून नव्हे. शेजारचे गोठलेले डबे अर्धवट वितळतात आणि पुन्हा गोठतात म्हणून. वाफेचा बर्फ सगळीकडे चढतो तो वेगळाच. झाकणाचंही ऐका: गरम अन्नावर हवाबंद झाकण दाबलं की आतली वाफ निवते, हवा आकसते आणि झाकण असं चिकटतं की ओढून निघत नाही. तसं झालंच तर कडेवर कोमट पाण्याची धार धरा. चाकू खुपसू नका.

किती भरायचं, आणि तळ का फुगतो

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. ५ सेंटिमीटर खोल सूप गोठून साडेचार मिलिमीटर वर येईल, असा हिशेब निघतो. मग एवढीशी जागा सोडली की झालं?

नाही, कारण ते एकसारखं वर येत नाही. डब्यातलं सूप आधी वरून आणि कडेने गोठतं. वर बर्फाची झाकणी तयार होते, मध्ये मात्र अजून पातळ सूप असतं. मग ते गोठायला लागतं आणि फुगायला त्याला जागाच उरत नाही. उथळ डब्यात ते वरचा थर उचलतं, म्हणून मध्ये उंचवटा येतो. खोल आणि सरळ भिंतींच्या डब्यात वरचा थर जाड असतो, कडांना घट्ट धरलेला असतो. तो हलत नाही. हलतो तो तळ. माझ्या बटणांच्या डब्याचं हेच झालं होतं, आणि झाकणाखाली दोन बोटं जागा सोडली असती तरी तो थोडा फुगलाच असता, कारण तो खोल होता.

तर, रुंद तोंडाच्या अर्ध्या लिटरच्या डब्यात दीड सेंटिमीटर आणि एक लिटरच्या डब्यात अडीच सेंटिमीटर रिकामं ठेवा. पातळ पदार्थ जितका पाण्यासारखा तितकी जागा जास्त. निथळून भरलेल्या कोरड्या भाज्या, फळांच्या फोडी यांना एक-दीड सेंटिमीटर पुरतं, कारण मधल्या फटींतही जागा असते. तोंड आवळत गेलेली बाटली किंवा बरणीसारखा डबा पातळ पदार्थासाठी घेऊच नका.

एक लिटरचे दोन डबे भरण्यापेक्षा अर्ध्या लिटरचे चार भरावेत असं माझं ठाम मत आहे. जाडी दुप्पट झाली की गोठायला लागणारा वेळ दुप्पट ते चौपट यांच्यामध्ये कुठेतरी जातो, वितळायला लागणाराही तसाच. शिवाय अर्ध्या लिटरचं सूप एका वेळेस संपतं, उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न येत नाही.

रिकामी जागा ठेवली की तिथे हवा आली, आणि हवेने अन्न सुकतं. बर्फ वितळल्याशिवायच हळूहळू उडून जातो, पृष्ठभागावर करडे-पांढरे कोरडे डाग पडतात आणि अन्न चोथ्यासारखं लागतं. त्याने पोटाला अपाय नसतो, पण चव गेलेली असते. यावर साधा उपाय: डब्याच्या आकाराचा बटर पेपर कापून थेट अन्नाच्या अंगाला चिकटवून ठेवायचा, मग झाकण.

झाकण

झाकण पूर्ण स्टीलचं असेल आणि त्याला सिलिकॉनची रिंग असेल तर उत्तम. सिलिकॉन उणे ५० अंशांनाही लवचिक राहतं. साधं रबर थंडीत ताठरतं आणि फट सोडतं. स्टीलच्या डब्याला प्लॅस्टिकचं झाकण असतं ते बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं, आणि हे प्लॅस्टिक शून्याखाली ठिसूळ होतं. फ्रीझरमधून काढल्या काढल्या ओट्यावर आपटलं तर ते काचेसारखं तडकतं, क्लिप ओढली तर तिचा कोंबच तुटतो. अशा झाकणाचा डबा बाहेर काढून पाच मिनिटं थांबावं, मग क्लिप उघडावी.

गोठताना झाकण नुसतं वर ठेवायचं, दाबायचं नाही. दुसऱ्या दिवशी अन्न कडक झालं की मध्ये आलेला उंचवटा झाकणाला टेकत नाही ना ते पाहायचं आणि मग पक्कं बंद करायचं. हा दुसऱ्या दिवशीचा फेरा लोक विसरतात. मी फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावते.

चिठ्ठी लावायची दुसरी जागा म्हणजे डबाच. धातूच्या डब्यातलं दिसत नाही, हा त्याचा एकमेव खरा तोटा. काचेत मटार दिसतात, स्टीलमध्ये सगळंच कोडं. मास्किंग टेपच्या पट्टीवर पदार्थ, तारीख आणि किती जणांचं ते लिहून ती पट्टी डबा कोरडा आणि साध्या तापमानाला असतानाच, भरायच्या आधी, बाजूला लावा. झाकणावर नको, झाकणं आपापसांत बदलतात. थंड, दमट स्टीलवर कुठलीच टेप चिकटत नाही.

फ्रीझरमध्ये मांडणी

एका दिवसात ताजं अन्न किती घालावं यालाही मर्यादा आहे. फ्रीझरच्या दर १०० लिटर जागेमागे ३ ते ४ किलो, त्याहून जास्त नको. नाहीतर सगळंच रखडतं आणि हळू गोठलेल्या अन्नात बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात. ते भाजी-मांसाच्या पेशी फोडतात, म्हणून वितळल्यावर पाणी सुटतं आणि लगदा होतो.

नवा डबा पहिल्या दिवशी सर्वांत थंड जागी, तळाला किंवा मागच्या भिंतीला टेकवून, आणि भोवती थोडी हवा खेळेल असा ठेवा. डबे एकमेकांवर रचायचे ते दुसऱ्या दिवशी. धातूचा डबा थंड पृष्ठभागावर सपाट टेकला की झटकन गोठतो. १९२० च्या दशकात क्लॅरेन्स बर्डझाय या अमेरिकन माणसाने जलद गोठवण्याची पद्धत बसवली ती याच तत्त्वावर. अन्नाची पाकिटं तो थंड केलेल्या धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबून धरत असे. उथळ डब्याच्या तळाखाली आधीच गार करून ठेवलेली ॲल्युमिनियमची थाळी सरकवली की घरीही त्याचा थोडा फायदा मिळतो.

हात कोरडे हवेत. उणे १८ अंशांच्या उघड्या धातूला ओलं बोट लागलं की चिकटतं, आणि ओढलं तर साल निघते. चिकटलंच तर ओढू नका, वरून कोमट पाणी सोडा. मुलांना डबा चाटू देऊ नका हे सांगायला हवं, कारण ती चाटतात.

भाज्या आणि फळं

कच्ची भाजी तशीच गोठवली तर तिच्यातली विकरं थंडीतही हळूहळू काम करत राहतात. रंग उतरतो, गवतासारखा वास येतो. म्हणून आधी खळखळत्या पाण्यात थोडा वेळ घालायची: मटार दीड मिनिट, गाजराच्या चकत्या आणि पालक दोन, फरसबी आणि फ्लॉवरचे तुरे तीन. लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. मग चाळणीत निथळून कोरड्या फडक्यावर पसरायची. इथे घाई केली तर चिकटलेलं पाणी गोठून सगळ्याचा एक दगड होतो.

पुढचं काम धातूच्या ताटाचं. त्यावर एका थरात पसरून दीड-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग खडखडीत झालेले दाणे डब्यात भरा. मूठभर हवे असतील तेव्हा मूठभरच निघतात. फळांच्या फोडींचंही तसंच, फक्त त्या उकळत्या पाण्यात घालायच्या नाहीत.

काही गोष्टी गोठवण्यात अर्थ नाही. काकडी आणि सॅलडची पानं लिबलिबीत होतात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो, मेयोनेज फाटतं, कॉर्नफ्लोअर घातलेली ग्रेव्ही पाणी सोडते. लसूण आणि लवंग उग्र होतात, तेव्हा मसाला थोडा हात राखून घालावा.

कच्चा खायचा मासा घरच्या फ्रीझरच्या भरवशावर ठेवू नये. परजीवी मारायला उणे २० अंशांवर सलग सात दिवस लागतात, आणि घरचा फ्रीझर तिथपर्यंत जाऊन तिथेच टिकेल याची खात्री नसते.

किती दिवस

उणे १८ ला न हललेलं अन्न वर्षानेही सुरक्षित असतं, फक्त चव जाते. सूप आणि रस्से दोन-तीन महिने चांगले लागतात, कच्चा खिमा तीन-चार, शिजवलेली कोंबडी चारेक, तेलकट मासे दोन-तीन. उकळत्या पाण्यातून काढलेल्या भाज्या आठ ते बारा महिने.

वीज गेली तर दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीझर बंद राहिला तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४. नंतर डबा उघडून अन्नात अजून बर्फाचे कण असतील किंवा ते ४ अंशांच्या खाली असेल तर पुन्हा गोठवता येतं. तसं नसेल आणि दोन तासांहून जास्त गेले असतील तर टाकून द्या. वास घेऊन ठरवू नका. पोट बिघडवणाऱ्या बऱ्याच जंतूंना वास नसतो.

बाहेर काढताना

सर्वांत बरं म्हणजे आदल्या रात्री डबा फ्रिजमध्ये उतरवून ठेवणं, खाली ताटली घेऊन. अर्ध्या लिटरचा उथळ डबा सकाळपर्यंत बराचसा सुटतो. ओट्यावर दिवसभर ठेवायचा नाही. मध्ये दगड असतो तेव्हा कडा कोमट झालेल्या असतात.

घाई असेल तर डबा थंड पाण्याच्या भांड्यात, पाणी झाकणाच्या खाली राहील असा, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलत. याहून झटपट म्हणजे डब्याचा तळ आणि बाजू अर्धा-एक मिनिट कोमट पाण्यात धरा. कडेचा पापुद्रा सुटतो, आणि डबा पातेल्यावर पालथा केला की ठोकळा ‘डुब्‌’ करून खाली येतो. पातेल्यात आधी अर्धी वाटी पाणी असू द्या. झाकण ठेवून मंद आचेवर, मधूनमधून ठोकळा उलटत, आणि शेवटी एक उकळी. मध्यभागी ७४ अंश झाले की झालं. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत होतं, आणि काचेच्या भांड्याशी असा खेळ करता येत नाही.

डबाच गॅसवर ठेवायचा मोह होतो. मी ठेवत नाही. पातळ तळ कडेला करपवतो आणि मध्ये बर्फ तसाच राहतो, आणि प्लॅस्टिकची क्लिप वाकते ती वेगळी. दुहेरी भिंतीचा डबा तर आचेवर फुटूही शकतो, कारण आत बंद झालेल्या हवेला वाट नसते. मायक्रोवेव्हमध्ये धातूचा डबा नकोच. लहरी भिंतीवरून परततात, अन्न थंड राहतं आणि ठिणग्या उडतात.

फ्रिजमध्येच वितळलेलं अन्न वापरायचं राहिलं तर पुन्हा गोठवता येतं, जरा पाणी सुटेल इतकंच. थंड पाण्यात वितळवलेलं मात्र आधी शिजवायचं.

डबा रिकामा झाला की खरकटं त्यात रात्रभर राहू देऊ नका. स्टीलला थंडी काही करत नाही, पण मीठ आणि आंबट साचून राहिलं की बारीक खड्डे पडतात. तारेच्या घासणीनेही चरे पडून तिथेच मीठ बसतं, म्हणून मऊ स्पंज. झाकणाची रिंग बाहेर ओढून काढा. तिच्या खाचेत नेहमी काहीतरी सापडतं, बहुधा मागच्या महिन्यातलं. रिंग वेगळी धुवा, वेगळी वाळवा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा बसवा.